बिनीवाल्यांची तीन प्रस्थानं

…तर दत्तात्रेय बिनीवाले मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत अडकले आहेत. काल आपण त्यांना तिथंच सोडून जेवायला उठलो; बिचारे अजून तिथंच उभे. पुढं गुळाच्या ढेपांचा ठेला, मागं कापडाच्या गठ्ठ्यांचा ठेला, मध्ये बिनीवाले आणि त्यांची सायकल. हँडलला एका बाजूला जेवणाचा डबा, दुसऱ्या बाजूला पिवळ्या फडक्यातलं मुठीएवढं गाठोडं. मनगटावरच्या घड्याळात सहा पस्तीस. आणि तिकडं स्टेशनातून ग्वाल्हेरची पॅसेंजर सुटायची सात पाचला.

दुकानं उघडायला अजून तीन तास होते, हे खरं. पण ठोक बाजाराची गल्ली ती. माल उतरायचा तो दुकानं उघडायच्या आधीच उतरणार. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बिनीवाल्यांना कळलं नव्हतं, कारण त्यांनी ही गल्ली आधी पाहिली होती ती बाजार बंद असलेल्या दिवशी. तेव्हा त्यांनी पावलं मोजली, घड्याळ लावलं आणि वहीत लिहिलं, ‘स्टेशन, सायकलीनं, सतरा मिनिटं.’ आता दहा मिनिटं झाली होती आणि सायकल चार हात पुढं सरकली होती.

एक हमाल पाठीवर पोतं घेऊन ठेल्याच्या कडेनं, पोट आत ओढून, सहज निघून गेला. त्याच्यामागून डोक्यावर भाजीची टोपली घेतलेली बाई गेली. हमाल जाता जाता म्हणाला, "काय बाबूजी, सायकल इतैं छोड़ दो. आदमी खों को रोकत?"

माणसाला कोण अडवतंय, असं तो म्हणत होता. बिनीवाल्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांचं सगळं लक्ष मिनिटकाट्यावर. शेवटी त्यांनी सायकल खांद्यावर घेतली, एकाच्या पगडीला पेडल लावलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि स्टेशनात पोचले तेव्हा पॅसेंजरचा शेवटचा डबा पुलाखालून जाताना दिसला. सात सात.

आता हा माणूस सकाळी सकाळी गाठोडं घेऊन का हिंडत होता, ते सांगायला हवं.

बिनीवाले म्हणजे फौजेच्या बिनीवर चालणारं घराणं. त्यांचा पूर्वज अठराव्या शतकात मराठी फौजेबरोबर बुंदेलखंडात आला. त्याचं काम काय? सगळ्यांच्या आधी घोडा घालायचा, पाणी बघायचं, उतार बघायचा आणि म्हणायचं, ‘इथं तळ ठोका.’ दहा हजार माणसं, हत्ती, उंट, सगळे हा म्हणेल तिथं झोपायचे. आणि त्याच्या वंशजाला दोन खोल्या ठरवता येईनात!

दत्तात्रेय जन्मला गरौठ्याला, टायपिंग शिकला झाशीत, आणि एका वकीलसाहेबांकडे दहा वर्षं कागद टाइप करत राहिला. राहायला वकीलसाहेबांच्याच बंगल्यामागं दोन खोल्या. कोळशाच्या इंजिनांचा तो काळ. वकीलसाहेब वारले, मुलांनी कचेरी बंद केली आणि दसऱ्यापर्यंत खोल्या मोकळ्या करा म्हणून सांगितलं. त्यात एवढंच बरं झालं, की ग्वाल्हेरच्या एका गिरणीच्या कचेरीत टायपिस्टची जागा मिळाली. जुलैपासून बिनीवाले रोज अप-डाउन करू लागले. झाशी, दतिया, सोनागिर, डबरा, ग्वाल्हेर. संध्याकाळी तेच उलटं.

गिरणीचं फाटक सव्वादहाला बंद. पहिले सहा महिने कच्ची नोकरी. त्या सहा महिन्यांत तीनदा फाटक चुकलं की पुढच्या महिन्यापासून येऊ नका. एक खूण आधीच पडली होती. सोनागिरला कुणी साखळी ओढली आणि गाडी तासभर उभी राहिली. हेडक्लार्क नानासाहेब ग्वाल्हेरचेच मराठी गृहस्थ. लाल पेन्सिल कानावर ठेवूनच जन्माला आले असावेत. त्यांनी खूण करताना विचारलं होतं, "राहता कुठं तुम्ही?"

"झाशीत."

"झाशीत म्हणजे काय, झाशी केवढी! स्टेशनाजवळ घ्या घर. नाहीतर इथं या."

बरोबरच होतं ते. पण घरी बायकोला, सुहासिनीबाईंना, सहावा महिना लागला होता.

आणि इथंच बिनीवाल्यांचा जीव अडकला होता. दोन वर्षांपूर्वी सुहासिनीबाईंना आठव्या महिन्यात, भर दुपारी कळा सुरू झाल्या होत्या. बंगल्यामागच्या खोल्या, मधे मोठी बाग, हाक मारून मारून त्यांचा घसा बसला. बिनीवाले मैलभरावर कचेरीत टाइप करत बसलेले. त्यांना निरोप पोचला संध्याकाळी सहा वाजता. मूल राहिलं नाही. त्या दिवसापासून हा माणूस टंकलेखन यंत्राची कळ दाबताना मधेच हात उचलून कान द्यायचा. कुणी हाक मारतंय का?

मैलभरावरून निरोप पोचायला पाच तास. आता तर ते साठ मैलांवर असणार होते.

घरं तीन निघाली. पहिलं सिविल लाइंसमध्ये, जयसिंगजींच्या बंगल्यामागची बाहेरची खोली. जयसिंगजी जंगलखात्यातून निवृत्त झालेले ठाकूर, दिलदार माणूस, पण जन्मभर बंदुका उडवून कान गेलेले. तिथून स्टेशन चालत अकरा मिनिटं. बिनीवाल्यांनी त्या खोलीत उभं राहून "जयसिंगजी!" अशा सात हाका मारून पाहिल्या. बंगल्यातून उत्तर नाही. आवारातला मोर तेवढा ओरडला.

दुसरं घर हे मानिक चौकाच्या मागचं. खाली विजयालक्ष्मी सिस्टर राहायच्या. जन्म झाशीच्या मराठी घरातला, पण चाळीस वर्षं दवाखान्यात नोकरी करून मराठीत हिंदी अशी कालवलेली, की दोन्ही वेगळी काढता येऊ नयेत. अर्ध्या शहराच्या नाळा त्यांनी कापलेल्या. वरच्या मजल्यावर भांडं पडलं तर चार घरांतून विचारणार, "काय झालं?" अशी ती गल्ली. पण स्टेशन दूर.

तिसरं ग्वाल्हेरलाच, बिनीवाल्यांचा मामेभाऊ रमाकांत याच्या घरातली एक खोली. गिरणी दहा मिनिटं. पण सुहासिनीबाईंना तिथं कुणी ओळखीचं नाही, आणि बाळंतपणाला येणाऱ्या बिनीवाल्यांच्या राधाबाई आत्या गरौठ्याहून ठणकावून सांगून बसलेल्या, "मी झाशीपर्यंत येईन. पुढं चंबळ. डाकूंच्या मुलखात मी बाळंतपण करायची नाही." चंबळ ग्वाल्हेरच्याही पलीकडे, हे त्यांना कुणी सांगू शकलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, "डाकूंना पाय नसतात का?"

झाशीला आल्या आल्या या आत्यांनीच प्रस्थानाचा विषय काढला. त्यांचं शास्त्र पक्कं होतं. सातवा महिना लागला की बाईनं घर बदलायचं नाही. आणि सातवा लागणार होता पितृपंधरवड्याच्या मधोमध, आणि पंधरवडा आला होता तीन-चार दिवसांवर, म्हणजे सातव्याच्या आधी हलायचं तर पंधरवड्यात नवीन घरी जाणं आलं. तेही चालायचं नाही. मग उपाय एकच. पंधरवडा लागायच्या आधी, चांगल्या दिवशी, ठरलेल्या घरी प्रस्थान ठेवून यायचं. मूठभर तांदूळ, एक सुपारी, एक हळकुंड नव्या फडक्यात बांधायचं, आपण जिथं जाणार तिथं आपल्याआधी पोचवायचं. गाठोडं पोचलं म्हणजे आपण निघालोच. मग दहा दिवसांत कधीही सामान हलवा, दोष नाही. मात्र गाठोडं सूर्य मावळायच्या आत ठेवायचं, आणि ठेवलेलं परत आणायचं नाही.

"ठरलंय ना घर?" आत्यांनी शुक्रवारी पहाटे गाठोड्याला गाठ मारत विचारलं.

"ठरलंय," बिनीवाले म्हणाले.

सुहासिनीबाई डबा भरत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "कुठलं?"

"ठेवून आलो की सांगतो. आधी सांगू नये म्हणतात."

असं कुणीच म्हणत नाही. पण बिनीवाले तोवर उंबरठा ओलांडून गेले होते.

मानिक चौकात ते सिस्टरच्या दारात गेले तेव्हा पिवळं गाठोडं हातातच होतं. ठेवायचं, एवढंच. पण ठेवलं की झालं! गाडी चुकायला लागली तर? त्यांनी म्हटलं, आधी वेळ लावून बघू. तरी मोकळ्या हातानं निघवेना. मग खिशातला पांढरा रुमाल काढला, सिस्टरकडूनच तांदूळ, सुपारी, हळकुंड मागून घेतलं आणि रुमालात बांधून कोनाड्यात ठेवलं. "हे आपलं असंच, तात्पुरतं," ते म्हणाले. "रविवारी येऊन नक्की सांगतो."

"भैया, चिंता नका करू," सिस्टर म्हणाल्या. "पण प्रस्थान तात्पुरतं कसं असतं जी?"

त्यानंतर ती गल्ली, ते ठेले, ती गेलेली गाडी. पुढची गाडी आठ पन्नासची. म्हणजे फाटक चुकणार. दुसरी खूण. मधल्या वेळात ते जयसिंगजींच्या बंगल्यावर गेले. आता तर उघडच होतं, की इथंच राहायला हवं. पिवळं गाठोडं पुढं केलं, आणि कानात त्या सात हाका वाजल्या. हात मागं आला. गळ्याभोवतीचा निळा रुमाल सोडला. जयसिंगजींनी आनंदानं तांदूळ दिले. हे कशाला ते त्यांना कळलं नाही, आणि बिनीवाल्यांनी ओरडून सांगितलं तेही ऐकू गेलं नाही.

"रविवारी सांगतो!" बिनीवाले ओरडले.

"हाँ हाँ, इतवार!" जयसिंगजी म्हणाले.

ग्वाल्हेरला नानासाहेबांनी कानावरची पेन्सिल काढली. "दोन झाल्या, बिनीवाले. राहता कुठं, हे अजून ठरत नाही का?"

दिवसभर पिवळं गाठोडं टंकलेखन यंत्राशेजारी. पाच वाजता सुटका झाली आणि बाहेर येऊन पाहतात तो ऊन भिंतींच्या वरच्या टोकाला गेलेलं. मावळायच्या आत ठेवायला हवं! झाशीला पोचेपर्यंत अंधार. बिनीवाले धावत रमाकांतच्या घरी गेले, पिवळं गाठोडं त्याच्या बायकोच्या हातात कोंबलं आणि तसेच स्टेशनाकडे पळाले. जिथं राहायचं नाही असं जवळजवळ ठरलेलं होतं, नेमकं तिथं आत्यांच्या हातचं खरं गाठोडं जाऊन बसलं. काळजी करणाऱ्या माणसाचं असं होतं.

शनिवारी घरी त्यांनी कुठलं घर ते सांगायचं टाळलं. आत्यांनी विचारलं, "ठेवलंस?" ते म्हणाले, "ठेवलं." खोटं नव्हतं ते. तिप्पट खरं होतं.

रविवारी दहाच्या सुमारास बिनीवाले दाढी करत असताना बाहेर मोटारीसारखा आवाज आला. जयसिंगजी बोलत होते. बरोबर चुना लावणारा माणूस, बादली आणि कुंचा. "बिनीवालेजी! कमरे में चूना आज ही लगवा दें? आपकी पोटली तो आ गई!"

आत्या बाहेर आल्या. "कसली पोटली?" मग समजुतीनं म्हणाल्या, "हां, म्हणजे सिविल लाइंस ठरलं तर. बरं झालं बाई, सांगून टाकायचं की."

तेवढ्यात फाटकातून विजयालक्ष्मी सिस्टर आत आल्या. हातात पिशवी. "सुहास, मी खाटेची जागा करून ठेवली बरं का. खिडकीपाशी. कोनाड्यातलं गाठोडं मात्र हलवलं नाही."

आत्यांनी बिनीवाल्यांकडं पाहिलं. त्यांच्या एका गालावर फेस, दुसरा मोकळा.

आणि मग, सकाळच्या गाडीनं उतरून, रमाकांत आला. "दत्तूदादा, हातगाडी ठरवलीय बघ ग्वाल्हेरात! स्टेशनातून सामान थेट घरी. काय रे, सगळे असे का बघताय? तुमचं पिवळं गाठोडं देवापुढं ठेवलंय की आम्ही!"

आत्यांनी बोटं मोजली.

"तीन?" आत्या म्हणाल्या. "मेल्या, एका माणसाचं प्रस्थान तीन दिशांना? अरे, प्रस्थान म्हणजे काय पत्रिका आहेत लग्नाच्या, चार घरी जास्त गेल्या तरी चालतील अशा?"

"आत्या, दोन तशी खरी नव्हेत. रुमालातली आहेत. मी म्हटलं, काय माहीत—"

"काय माहीत! आपला तो पूर्वज असा असता तर फौज अजून नर्मदेपलीकडंच उभी असती. खरं कुठलं?"

"पिवळं."

"ते कुठं?"

"ग्वाल्हेरला."

आत्या मटकन ओट्यावर बसल्या. त्यांचंच शास्त्र, त्यांचीच गाठ. गाठोडं परत आणता येणार नव्हतं, आणि त्याच्यामागं दहा दिवसांत जाणं आलं होतं. त्या पदरानं तोंड पुसू लागल्या. जयसिंगजींना काहीच ऐकू आलं नव्हतं, ते चुनेवाल्याला म्हणाले, "ज़रा रुको, सलाह हो रही है."

बिनीवाले अंगणात उभे राहिले. गालावरचा फेस सुकत चालला. त्यांना वाटलं, आपण काहीही ठरवलं तरी ते चूकच ठरणार. स्टेशनाजवळ राहिलो तर ती एकटी. बाजारात राहिलो तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेल्यावर बाळंतपण कशावर करायचं? ग्वाल्हेरला नेलं तर आत्या नाही, सिस्टर नाही. तीन घरं, आणि तिन्हींच्या दारात तीच एक दुपार उभी. ती हाक मारतेय आणि कुणी येत नाही.

सुहासिनीबाईंनी त्यांना आत बोलावलं. "अहो, तोंड धुवा आधी. आणि मला सांगा, शुक्रवारी गल्लीत नक्की काय झालं?"

"काय व्हायचंय! बेचाळीस मिनिटं लागली. ठेले होते."

"ठेले होते म्हणजे माणसं जात नव्हती?"

"माणसं जात होती. पोतंवाले जात होते, एक भाजीवाली टोपली घेऊन गेली. अडकलो मी."

"तुम्ही अडकलात का सायकल?"

बिनीवाल्यांनी तोंडावरचा पंचा खाली घेतला.

"एकजण म्हणाला होता खरं," ते हळूच म्हणाले. "सायकल सोडा म्हणून."

"मग शहरदरवाजापर्यंत चालत किती?"

"सात मिनिटं. आठ."

"दरवाजाबाहेर पंक्चरवाला बसतो, त्याच्याकडे सायकल ठेवायची. संध्याकाळी येताना तिथंच सोडून चालत घरी यायचं. सकाळी सायकल तुमच्याआधी दरवाजाबाहेर गेलेली असेल." त्या थोड्या हसल्या. "तिचं प्रस्थान रोजचंच ठेवा."

बिनीवाल्यांनी आकडे जुळवले. आठ आणि तेरा, एकवीस. त्यात पाच धरा पंक्चरवाल्याशी राम राम करायला. सहा पंचवीसला निघालं तरी चालेल. त्यांनी पुन्हा जुळवले. तेवढेच आले.

"पण गाठोडं ग्वाल्हेरला," बाहेरून आत्यांचा आवाज आला. त्यांचे कान मात्र उत्तम होते.

सुहासिनीबाई दारात आल्या. "आत्याबाई, रोज ग्वाल्हेरला कोण जातं?"

"हा."

"मग त्यांचं गाठोडं ग्वाल्हेरला बरोबरच आहे. ज्याचा प्रवास त्याचं प्रस्थान. जन्मभर जाऊ देत त्याच्यामागं. माझं आणि पोटातल्याचं सिस्टरकडं आहे."

"ते रुमालातलं आहे. तात्पुरतं."

"तांदूळ सिस्टरच्या घरचे आहेत की. त्यांना तात्पुरतं काही करता येत नाही."

शास्त्रात हे होतं की नाही, कोण जाणे. शेवटी आत्या म्हणाल्या, "आणि त्या निळ्याचं काय?"

"ते जयसिंगजींना राहू दे. मोराला तांदूळ घाला म्हणावं."

जयसिंगजींना हे ओरडून सांगायला अर्धा तास लागला. ते रागावले नाहीत. चुनेवाला आलाच आहे तर, म्हणून त्यांनी त्याला मानिक चौकात पाठवून सिस्टरच्या वरचा मजला रंगवून दिला. अशी माणसं होती.

दहा दिवसांच्या आत सामान हललं. मग ऑक्टोबर, नोव्हेंबर. रोज सहा पंचवीसला बिनीवाले जिना उतरायचे, ठेल्यांच्या कडेनं पोट आत ओढून जायचे, आणि तो हमाल म्हणायचा, "हओ बाबूजी, अब सीख गए!" एकदाही फाटक चुकलं नाही. तरी काळजी कमी झाली म्हणाल, तर नाही. फक्त जागा बदलली तिनं. आता ते ग्वाल्हेरला यंत्रावर बसून कान देत नसत. प्रत्येक गाडीच्या वेळेनंतर फाटकातून कोण आत येतंय ते बघत. कारण त्यांनी सिस्टरशी ठरवून ठेवलं होतं. काही झालं तर चिठ्ठी पंक्चरवाल्याकडे द्यायची, त्यानं सायकल हाणून स्टेशनात जायचं, आणि जी गाडी सुटत असेल तिच्यातल्या अप-डाउनवाल्याच्या हाती द्यायची. ती माणसं एकमेकांची औषधं, लोणची, लग्नाच्या पत्रिका आणि मयताच्या बातम्या अशाच पोचवत. टपालापेक्षा लवकर.

डिसेंबरची एकतीस तारीख. सहा महिन्यांचा शेवटचा दिवस. आदल्या दिवसापासून झाशीत असं धुकं, की गल्लीत ठेले दिसायच्या आधी गुळाचा वास यावा. सहा वाजता सुहासिनीबाईंनी भिंतीला हात धरला. आत्यांनी खालच्या जिन्यात तोंड घालून "सिस्टर!" म्हटलं, आणि सिस्टरच नव्हे, शेजारच्या दोघी, समोरची एक, अशा चौघी वर आल्या. पाणी तापायला लागलं. बिनीवाले डबा हातात धरून दारात उभे.

"मी जात नाही," ते म्हणाले.

आतून सुहासिनीबाईंचा आवाज आला, दमलेला, पण स्पष्ट. "थांबून काय करणार? घड्याळच बघणार ना? ते गाडीत बसून बघा."

सिस्टरनी त्यांना हातानं जिन्याकडे वळवलं. "भैया, पहलं बाळ नाही तिचं. घाबरू नका. आज तुमची तारीख आहे. जा."

सहा अठ्ठावीस. त्या दिवशी बिनीवाल्यांनी ठेल्यांना हात लावत, चाचपडत गल्ली काढली. पंक्चरवाला शेकोटीपाशी बसला होता, त्याला त्यांनी तीनदा सांगितलं, "चिठ्ठी आली तर." तो म्हणाला, "आहै तौ मैं खुदई जैहों." आली तर मी स्वतःच जाईन, असं. स्टेशनात गाडी उभी होती, पण धुक्यामुळं सिग्नल मिळेना. सात पाच, सात वीस, सात पंचवीसला एकदाची सुटली. दतिया गेलं. सोनागिरला पुन्हा थांबली. बिनीवाले खिडकीचे गज धरून उभे. मागं काय चाललं असेल आणि पुढं फाटक किती उरलं असेल, या दोन्हीत मधे कुठंतरी ते अडकलेले. ग्वाल्हेर आलं दहाला चार मिनिटं कमी असताना. ते धावले. धोतर आवरत, डबा छातीशी धरून, माणसांना धक्के देत धावले. फाटकातून आत आले तेव्हा दरवान साखळी उचलत होता. दहा चौदा.

यंत्रावर बसले, पण डोळे दाराकडे. सव्वाअकराला दरवान आत आला. हातात घडी घातलेला कागद. "झाँसी की मेल से कोई दे गया है."

चिठ्ठीत सिस्टरचं मोठ्या अक्षरांतलं चार ओळींचं लिहिणं होतं. ‘आठ दहाला. मुलगी. दोघी चांगल्या. डबा खाऊन घेणे.’

बिनीवाल्यांनी ती दोनदा वाचली, मग उलटी करून मागची कोरी बाजूही वाचली. साठ मैल, आणि तीन तास पाच मिनिटं.

तेवढ्यात नानासाहेब त्यांच्या टेबलापाशी आले. हातात नोकरी पक्की करण्याचा छापील कागद. कानावरची पेन्सिल आज काळी. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "नाव लिहिलंय, वय लिहिलंय. आता आज तरी सांगा, बिनीवाले, राहता कुठं तुम्ही?"

बिनीवाले उभे राहिले आणि म्हणाले, "लिहा, साहेब. विजयालक्ष्मी सिस्टरच्या घराचा वरचा मजला, मानिक चौकाची मागची गल्ली, झाशी. आत्यांसकट आम्ही चौघं राहतो तिथं. चौथीला येऊन तीनच तास झालेत, पण तिला धरा. आणि सायकल मात्र दरवाजाबाहेर असते."